भोकरच्या बोलीतले इटालियन

लोक रविवारी मटण घेऊन घरी जातात, आम्ही किस्से घेऊन जातो. चार रविवार झाले की इतके साठतात, आधी कुठला सांगावा कळत नाही!

आम्ही जुने विद्यार्थी दर रविवारी जमतो नांदेडला, कांबळे सरांकडं. सर आमचे इंग्रजीचे प्राध्यापक, मूळचे भोकरचे. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या विद्वानांनी लॅटिनमध्ये संवाद लिहिले. चार मित्र बागेत बसून पैसा, मैत्री, म्हातारपण यांवर वाद घालतात. त्यांची इंग्रजी भाषांतरं सर आम्हाला मराठीत करून सांगायचे. मागच्या वर्षी सरांना लकवा झाला. हातपाय सावरले, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा. मग आम्हीच पात्रं वाटून घेऊन वाचायला लागलो.

•

लातूरहून येणाऱ्या पाटलांना कंजूष माणसाची बाजू मिळाली. पैसा साठवणं हेच पुण्य, हे त्यांनी इतक्या तळमळीनं मांडलं की काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, काळजीत पडल्या.

“पाटील, घरी सगळं ठीक हाय ना?”

•

मराठी करायचं काम माझ्याकडं. इंग्रजीतलं एक वाक्य अर्ध्या पानाचं. मी तेवढंच लांब, भारदस्त मराठी करून वाचलं.

काकू म्हणाल्या, “हा माणूस दोस्ताशी बोलून राहिला, का कोर्टात?”

सर हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच, आवाज करून. त्या दिवसापासून इटलीतले सरदार भोकरचं मराठी बोलतात.

•

अशा संवादांत एक जण नुसता ‘खरंय’ म्हणणारा असतो. तो पार्ट सरांना दिला. ‘खरंय’ जड जाईल म्हणून काकूंनीच तिथं ‘हाव’, म्हणजे भोकरकडचं ‘हो’, लिहायला लावलं.

सरांची ओळ आली, आम्ही थांबलो. ओठ हलले, आवाज नाही. कुणी घाई केली नाही. बऱ्याच वेळानं सर म्हणाले, “हाव.”

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. तिथंच खाली बसल्या.

•

एका इंग्रजी भाषांतरकारानं प्रस्तावनेत आपल्या लॅटिनच्या शिक्षकांचे आभार मानलेत. ते वाचायची पाळी पाटलांची होती. पहिल्याच ओळीला ते अडले, चष्मा पुसला आणि पुस्तक माझ्याकडं दिलं. मलाही वाचवेना. सर आमच्याकडं बघत बसले होते.

शेवटी काकूच म्हणाल्या, “समजलं त्यांना. चहा घ्या.”

•

परवा म्हातारपणावरचा संवाद होता. पाटलांचं पात्र म्हणालं, वय झालं की माणसानं गप्प बसावं, बोलायचं ते तरुणांनी. पुढची ओळ सरांची.

“न्हाई,” सर म्हणाले.

पाटलांना वाटलं, सरांची ओळ हुकली. त्यांनी कागदावरच्या ‘हाव’खाली बोट ठेवून दाखवलं.

सरांनी ते बोट हळूच बाजूला केलं, कागद उपडा घातला.

“मला बोलायचंय.”