पितळखोऱ्याच्या कड्यावर एकच जात

बशीरभाईंना घेऊन पितळखोऱ्याला गिधाडं पाहायला जायचं, असं मी तीन हिवाळे नुसतं म्हणत होतो. खरं तर मला त्यांना काही सांगायचं होतं आणि घरी बसून जीभ रेटत नव्हती. मी गंगापूर तालुक्यात जनावरांचा डॉक्टर होतो. बशीरभाई हाडांचे व्यापारी. माळावर टाकलेलं जनावर गिधाडांनी साफ केलं की हाडं ते गोळा करायचे.

छावणी भागातल्या घरून पहाटेच निघालो. नाश्ता कन्नडलाच उरका, पुढे काही मिळत नाही. लेण्यांकडे उतरणाऱ्या पायऱ्या गुडघ्यांचा चांगलाच समाचार घेतात. बशीरभाई चारदा टेकले आणि चारही वेळा म्हणाले, "तुम्ही दमला म्हणून थांबलो, डॉक्टरसाब."

समोरच्या कड्यावर पिवळ्या तोंडाचं पांढरं गिधाड बसलं होतं. माझी मास्तरकी सुरू झाली. याचं आणि लांब चोचीच्या गिधाडाचं कुळ एकच, घारी-गरुडांचं. प्रजाती मात्र वेगळ्या. पांढरं पार युरोप-आफ्रिकेपर्यंत सापडतं, तरी संकटग्रस्त. लांब चोचीचं आपल्या उपखंडाबाहेर नाहीच, आणि ते अतिसंकटग्रस्त.

"ह्ये तर उकिरड्यावरबी दिसतंय. ते लांब मानंचं कुठंय? झुंडीनं उतरायचे ना बैलावर."

ते नव्हतं. दुपारपर्यंत दुर्बीण लावून बसलो, नाहीच आलं. शेवटी मी बोललो.

"बशीरभाई, गिधाडांत रोग आलाय, असं मी तुम्हाला सांगायचो. खोटं होतं ते. जनावरांना मी दुखण्यावर डायक्लोफिनॅकची सुई द्यायचो. जनावर मेल्यावरही ते औषध मांसात राहतं आणि ते खाणारं गिधाड मरतं. बंदी आली तेव्हा मला कळलं. तरी कपाटातल्या उरलेल्या बाटल्या वाया जातील म्हणून मी वापरून संपवल्या."

त्यांनी दुर्बीण खाली ठेवली.

"आमच्या ढवळ्या बैलाला त्याच बाटलीतली दिली व्हती?"

"हो."

"लई आरामात गेला तो. लोक म्हनले पुरून टाक. म्या मुद्दाम माळावर नेला. म्हनलं, गिधाडांचं पोट भरंल."

परतीच्या वाटेवर ते माझ्यासाठी न थांबता पायऱ्या चढून पुढे निघून गेले. मला ते फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

आता दर जुम्म्याला नमाजानंतर ते चहाला येतात आणि विचारतात, "कुनाला दिसलं का?" म्हणून हे लिहिलं. तुम्ही तिकडे गेलात आणि कड्यावर तपकिरी अंगाचं, उघड्या मानेचं एक जरी दिसलं, तरी कळवा. मला त्यांना हो म्हणायचंय.