बोंबलात न दडवलेली गोळी

एक लबाडी मी पन्नास वर्षे लपवून ठेवली. परवा बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला आणि ती पुन्हा समोर उभी राहिली. सत्तरच्या दशकात, सोलापुरात, ताईच्या मांजरीच्या आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली. गुरांचे डॉक्टर म्हणाले, “बरी न्हाय व्हायची, पण स्टेरॉइडच्या गोळीनं चार महिने खाईल-पिईल. लई कडू हाय, बोंबलात दडवून द्या की.” आमचे घर लिंगायत, शाकाहारी; बोंबील घेताना कोणी पाहील म्हणून मी गोळी दुधात विरघळवी. मांजर तोंड फिरवी आणि मी ते दूध मोरीत ओतून देई. शाळेत शिकवून दमून आलेली ताई विचारी, “दिलीस का रे?” “दिली की, ताई.” पंधरवड्यात मांजर गेली. “औषध लागू पडलं नाही,” एवढेच ताई म्हणाली. काल तिच्याजवळ बसून म्हणालो, “ताई, ते औषध तिच्या पोटात गेलंच नव्हतं. माझं चुकलं.”