दोन दीर्घिका आणि सुरमईचे वाटे

माझी धाकटी जाऊ मासळीच्या लिलावात बोली लावायला माझ्याकडून शिकली आणि वर्षभरात माझ्याच शेजारी पाटी मांडून बसली. माझ्याकडून मासळी घेणारी मालवणातली हॉटेलं तिने नेली. तेव्हापासून आमचं बोलणं तुटलं. तो राग मी अजून सोडलेला नाही.

तिची मुलगी पुण्याला दीर्घिकांचा अभ्यास करते. सुट्टीत आली की आधी माझ्या पडवीत येते, हे माझं भाग्य. यंदा आईचा निरोप घेऊन आली: दोघींनी धंदा पुन्हा एक करावा. म्हणाली, "सकाळी लिलावाक आईक सांग, काय ता."

मी भडकले. तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर ताऱ्यांच्या दोन चकत्या, भोवऱ्यासारखे हात पसरून, एकमेकींकडे येत होत्या.

"आता फुटतल्यो," मी म्हटलं.

"नाय गो काकी. ताऱ्यांमधी जागा इतकी, ते आपटनतच नाय. ओढ मात्र लागता."

त्या एकमेकींतून आरपार गेल्या. ओढीने दोघींना लांब शेपट्या फुटल्या, वायू दाबला गेला आणि जागोजाग निळे नवे तारे पेटले. मग त्या परत फिरल्या, अडकल्या, एक झाल्या. हात गेले. उरला तांबूस गोळा.

"आता नवे तारे?"

"फारसे नाय. वायू संपलो. लहान दीर्घिका मोठीत गेली तर मोठीचो आकार रवता. बरोबरीच्यो मिळाल्यो तर दोघींचोय जाता."

"आमी दोगी कसल्यो?"

"बरोबरीच्यो," ती हसली. "भांडणात तर नक्कीच."

मला कसालचा बाजार आठवला, जिथे आता माझी मासळी खपते. जावेने हॉटेलं नेली नसती तर मी टेम्पो घेऊन तिथवर कशाला गेले असते? माझे निळे तारे सगळे त्यानंतरचे. त्याबद्दल तिचे आभार मानायचे तर जीभ वळत नव्हती.

सकाळी लिलावात सुरमईचा मोठा ढीग निघाला, एकटीला न पेलणारा. अशा वेळी आमच्याकडे दोघी मिळून घेतात आणि वाळूवर वाटे घालतात. एकीने घालायचे, दुसरीने आधी उचलायचा.

"धंदो एक करूचो नाय," मी जावेला म्हटलं. "पण ह्या ढिगात येतंस?"

"येतंय, वयनी. वाटे तुमी घाला."

घातले. इतक्या वर्षांनी हात जरा चुकला, एक वाटा लहान झाला. तिने तोच उचलला.

"अजून निवडूक येना नाय तुका!" मी ओरडले.

"शिकयलां कोणी, वयनी?"

मी माझ्यातली एक सुरमई तिच्या पाटीत फेकली आणि कसालच्या टेम्पोकडे निघाले.