मखरातल्या दिव्यांचे सेल

फरीदाबादच्या एका कारखान्यात मी सुरक्षा विभागात आहे. हातमोजे न घालता कोणी रसायनाला हात लावला, की भर शिफ्टमध्ये मी त्याची खरडपट्टी काढते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझी कीव येणार नाही.

आमच्या गणपतीचं मखर दरवर्षी तेच. विसर्जन झालं, की पुठ्ठ्याच्या कमानी, पडदे आणि सेलवर चालणारे डझनभर छोटे दिवे एका खोक्यात भरायचे आणि खोकं माळ्यावर टाकायचं. दिव्यांतले सेल मी कधी काढले नाहीत. दीड दिवस तर जळलेत, पुढच्या वर्षी चालतील की. एखादा दिवा मंदावलाच तर एक सेल नवा, एक जुना घालून भागवायचं. आईकडे हेच बघत वाढले आणि शिकूनसवरून तेच करत राहिले.

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी खोकं उघडलं, तर निम्म्या दिव्यांवर पांढरी भुकटी साचलेली आणि खाली काहीतरी ओलसर ओघळलेलं. ते काय आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. याच विषयावर मी कामगारांपुढे पाऊण तास बोलले आहे. पण मोदकांचं सारण गॅसवर होतं आणि आमच्याकडे बारा वर्षं काम करणाऱ्या दीदी समोरच उभ्या होत्या. मी म्हटलं, "दीदी, ये ज़रा रगड़ के साफ कर दो, जल्दी." हातमोजे माझ्या ऑफिसच्या बॅगेत होते, चार पावलांवर.

एक सेल आत चिकटून बसला होता. दीदींनी तो चमच्याच्या दांड्याने उचकटला आणि थेंब डोळ्यात उडाला. त्यांनी त्याच हाताने डोळा चोळला. आणि मी, एवढी मोठी सेफ्टीवाली मॅडम, धावत जाऊन काय आणावं? गुलाबपाणी. दोन थेंब घातले, वर फुंकर मारली. हे लिहितानासुद्धा मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय. त्या कण्हायला लागल्या तेव्हा कुठे भान आलं. मग त्यांचं डोकं बेसिनवर धरून वीस मिनिटं नळाचं पाणी डोळ्यावर सोडलं, जे मी पहिल्या क्षणी करायला हवं होतं.

डॉक्टरांनी डोळा तपासला आणि विचारलं, "बिना दस्ताने के? किसी ने बताया नहीं था?"

माझ्या तोंडून पटकन गेलं, "बताया था. सुनती कहाँ हैं."

दीदींनी उघड्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "हाँ जी, मैडम ने बोला था. मेरी ही गलती है."

डोळा वाचला. पण त्या डोळ्याला अजून दिव्याभोवती धुकं दिसतं, असं त्या सांगतात. मी ते सगळे दिवे हातमोजे घालून पिशवीत बांधले आणि जुने सेल घेणाऱ्या केंद्रात देऊन आले. आता घरातल्या प्रत्येक वस्तूतले सेल मी काम झालं की काढते. कोणी बघावं तर वाटेल, काय ही काळजी.

महिन्याभराने एकदा दुपारी आम्ही दोघी चहा पीत होतो. मी धीर करून म्हटलं, "दीदी, उस दिन मैंने झूठ बोला था."

"पता है," त्या म्हणाल्या. "मैं सच बोल देती, तो आप मुझे काम पर रखतीं?"

"बिल्कुल," मी म्हणाले. पण म्हणायला मला क्षणभर उशीर झाला. दीदींच्या तो लक्षात आला. त्यांनी माझा अर्धा राहिलेला कप उचलला आणि विसळायला आत घेऊन गेल्या.