हवेतला सिनेमा, हातातला सिनेमा

एकच सिनेमा दोनदा विकत घेऊनही तो आपला झाला की नाही या काळजीत राहणारा माणूस या पृथ्वीवर माझ्या मोठ्या साडभाऊंशिवाय दुसरा असेल, असं मला वाटत नाही. आम्ही दोघं दोन सख्ख्या बहिणींचे नवरे. मी गोंदियात शाळामास्तर, आणि ते सालेकशाला गुरांच्या दवाखान्यातून व्रणोपचारक, म्हणजे जखमांची मलमपट्टी करणारे, म्हणून निवृत्त झालेले. अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालताना जो माणूस कधी बिचकला नाही, तो सिनेमाची चकती मात्र फक्त कडांना, दोन बोटांत, श्वास रोखून धरतो. नात्यानं मी त्यांना भाऊजी म्हणतो आणि ते मला गुरुजी म्हणतात, पण त्यांच्या घरात गेली कित्येक वर्षं शिकण्याची पाळी माझ्यावरच आली आहे.

पहिला धक्का बसला तो एकदा त्यांच्याकडे जेवायला थांबलो तेव्हा. ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीनं, तांदूळ काढायला कोठीचं झाकण उचललं आणि आत मापाऐवजी प्लास्टिकात गुंडाळलेल्या पंधरावीस सिनेमांची चळत निघाली. मी ताईंकडे बघितलं. ताईंनी चळत सवयीनं बाजूला सारली आणि शांतपणे तांदूळ काढले. भाऊजींनी मला समजावून सांगितलं, की आपल्याकडे जंगलाची हवा, पावसाळ्यात चकतीला बुरशी येते आणि तांदूळ ओल ओढून घेतो. त्या घरचा भात मी पुढे बराच काळ जरा जपून चावला. दिवाणाच्या पोटात व्हिडिओ कॅसेटी होत्या, देवघराच्या खालच्या फळीवर पौराणिक सिनेमे होते (त्यांना दुसरीकडे ठेवणं भाऊजींना बरं वाटेना), आणि ताईंच्या लग्नातल्या पेटीत शालूच्या खाली मारधाडीचे. गावोगावची व्हिडिओ लायब्ररी बंद पडली, की तिथला माल भंगारात जायच्या आत भाऊजी मोटरसायकलवर तिथं हजर असत. बालाघाटपासून डोंगरगडपर्यंतचे भंगारवाले त्यांना ओळखायचे. एकदा अशाच वाटेवर मोटरसायकल घसरली. गुडघा फुटला, पण पोतं त्यांनी छातीशी धरून ठेवलं होतं. दवाखान्यात मी तब्येत विचारली, तर म्हणाले की दोनच खोक्यांना तडा गेला.

मग फोनवर सिनेमा विकत घ्यायची सोय आली. भाऊजी तिच्याकडे वळतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. वळले, आणि असे वळले की आम्ही बघतच राहिलो. फोनवरचा तो हवेतला सिनेमा आणि चकतीवरचा तो हातातला सिनेमा, अशी त्यांनी विभागणी केली. हवेतला बघायला आणि हातातला असण्यासाठी. हवेतला आवडला की त्याचा हातातला शोधायचा, आणि हातातला मिळाला की बघताना त्याला ओरखडा नको म्हणून त्याचा हवेतला घ्यायचा. या न्यायानं दोन्हीकडे भरच पडत गेली. शेवटी ताईंनी फर्मान काढलं, की यापुढे घरात एक चकती आली तर एक बाहेर गेली पाहिजे, नाहीतर फोनवर घ्या, फोन काही फुगत नाही.

बाहेर कोणती काढायची या विचारानं भाऊजींनी आठ दिवस अंगणात येरझारा घातल्या. त्याच दिवसांत शेजारचा शेतकरी आला आणि त्यानं निर्मळ मनानं वीसेक चकत्या मागितल्या. धान लोंबीवर आलं होतं, आणि दोरीला बांधलेल्या चकत्या उन्हात चमकल्या की पाखरं बसत नाहीत. भाऊजींचा चेहरा असा झाला, जणू त्यानं त्यांचा बैल खाटकासाठी मागितला होता. त्याला त्यांनी कलेविषयी पाऊण तास ऐकवलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच एका सिनेमाच्या सहा प्रती घेऊन त्याच्या बांधावर गेले. मी कारण विचारलं तेव्हा गंभीरपणे म्हणाले, "हा सिनेमा मी दोनदा पाहिला गुरुजी. हा पाखरंच पाहू शकतात."

ताई स्वतः सिनेमाच्या वाटेला जात नसत. म्हणूनच मागच्या दसऱ्याला त्यांनी भाऊजींना फोनवर एक सिनेमा विकत घ्यायला लावला, हे ऐकून आम्ही सगळे थक्क झालो. त्यामागची गोष्ट मला बायकोकडून कळली. ताई नऊ वर्षांच्या असताना आमगावच्या मंडईत तंबूतला सिनेमा लागला होता. दिवाळीनंतरच्या त्या जत्रेत माझ्या सासूबाई दोन्ही मुलींना घेऊन तो बघायला गेल्या. आयुष्यात त्या तेवढ्या एकदाच सिनेमाला गेल्या. सिनेमा होता हरवलेली मुलगी शोधत गावोगाव बांगड्या विकत हिंडणाऱ्या बाईचा. शेवट जवळ आला आणि मांडीवरची वर्षाची पोर, म्हणजे माझी बायको, रडायला लागली. लोक ओरडले. सासूबाई उठल्या. ताई उठेनात, तेव्हा त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. वाटेभर रडणाऱ्या ताईंना त्या म्हणाल्या होत्या, "शेवट चांगलाच राहते, चाल." तो शेवट ताईंनी कधी पाहिला नाही, आणि सासूबाई जाऊनही आता सहा वर्षं झाली.

ताईंनी दसऱ्याला अर्धा सिनेमा पाहिला आणि मुद्दाम थांबवला. धाकटी बहीण मंडईला येईल तेव्हा दोघींनी मिळून शेवट बघायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. त्याप्रमाणे आम्ही गेलो. दुपारी जेवणं आटोपून दोघी बहिणी टीव्हीसमोर बसल्या, भाऊजींनी फोन जोडला, आणि सिनेमा तिथं नव्हता. त्याचं चित्र नव्हतं, नाव नव्हतं. भाऊजींनी फोन बंद करून चालू केला, पुसला, उन्हात नेऊन पाहिला. मग मदत केंद्राला लावला. पलीकडच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, की त्या सिनेमाचे हक्क संपल्यामुळे तो आता आपल्याला उपलब्ध नाही. भाऊजी तिला पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, की भाड्यानं नाही, विकत घेतला होता. ती पुन्हा पुन्हा माफी मागत होती. हा माणूस इतका हादरलेला मी तोवर पाहिला नव्हता. पण खरा धक्का ताईंना बसला होता. त्या काळ्या पडद्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "माह्या घरातली वस्तू, मले न विचारता कशी नेली जी?"

 इंटरनेटवरच्या फुकटच्या जागांवर त्या सिनेमाची दोन गाणी मिळाली, बाकी काही नाही. भाऊजींनी मोटरसायकल बाहेर काढली. पुढचे सहा महिने त्यांनी दुसरा एकही सिनेमा घेतला नाही, ना हवेतला, ना हातातला. देवरी झालं, चिचगड झालं, नागपूरच्या जुन्या बाजाराच्या फेऱ्या झाल्या. उन्हाळ्यात राजनांदगावच्या एका बंद दुकानाच्या माळ्यावर त्यांना त्या सिनेमाची चकती मिळाली. त्यांनी तिथूनच मला फोन केला. घरी आणून त्यांनी नेहमीप्रमाणे दार लावून ती एकट्यानं तपासली, आणि मग आम्हाला बोलावलं.

मे महिन्यातली दुपार होती, कूलर घरघरत होता. दोघी बहिणी शेजारी बसल्या. सिनेमा छान चालला. बाईचे केस पिकले, मुलगी मोठ्या घरची सून झाली, बाई बांगड्यांची टोपली घेऊन त्याच गावच्या वेशीत शिरली, आणि चित्र थिजलं. भाऊजी हातातला रिमोट ठेवून झटक्यात उठले, चकती बाहेर काढली, सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि म्हणाले की इथून पुढे खरचटली आहे, चालणार नाही.  भाऊजी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, तपासताना महामुश्किलीनं एकदाच चालली होती, मी पाहिलाय शेवट, सांगतो. आणि त्यांनी सांगितला. सून बांगड्या भरायला बसते. म्हातारी तिचा हात हातात घेते. भाऊजींनी दाखवायला ताईंचा हात घेतला, त्यांची बोटं जुळवली, बांगडी चढवताना दाबतात तशी हळू दाबली. सुनेला त्या हातांची ओळख पटते, ती तोंड वर करून बघते आणि म्हणते, माय. इतकंच सांगून भाऊजी थांबले. माझी बायको पदरानं डोळे पुसत होती. ताईंनी हात तसाच त्यांच्या हातात राहू दिला.

भाऊजी कोणालाही चकती उसनी देत नाहीत. म्हणून निघताना ताईंनी ती गुपचूप माझ्या पिशवीत टाकली. गोंदियाला चकत्या घासून दुरुस्त करणारा एक माणूस होता, त्याच्याकडून काही होतं का बघा म्हणाल्या. मी दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडे गेलो. त्यानं चकती ट्यूबलाइटखाली फिरवून पाहिली आणि मला म्हणाला, "सर, इसमें कुछ हुआ ही नहीं है. एकदम साफ है." त्यानं ती लावून दाखवली. ती शेवटपर्यंत न अडखळता चालली. म्हातारी त्या घराच्या ओट्यापर्यंत पोचते, पाणी मागते, आणि सून तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत मेलेली असते. कोणी कोणाला ओळखत नाही. त्या दुपारी रिमोट भाऊजींच्याच हातात होता, हे मला आत्ता आठवलं. म्हातारीच्या मृत्यूपेक्षा मला दुसरीच गोष्ट पचत नव्हती. खोक्याच्या तड्यासाठी स्वतःचा गुडघा विसरणाऱ्या माणसानं एका धडधाकट चकतीवर खरचटल्याचा आळ घेतला होता.

पुढच्या रविवारी मी सालेकशाला गेलो. भाऊजी अंगणात एकटेच होते. मी पिशवीतून चकती काढली आणि सगळं पाहिलंय एवढंच म्हणालो. त्यांनी ती कडांना धरून घेतली, उन्हात एकदा तिरपी करून पाहिली.

"तो सिनेमा तिनं मायसंग पाहिला होता," ते म्हणाले. "तिच्या मायले मी कसा मारू, गुरुजी?"

तेवढ्यात ताई चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातली चकती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की काही जमलं का. आयुष्यभर मुलांना खरं बोला सांगत आलेला मी मास्तर, त्यांच्या डोळ्यांकडे न बघता म्हणालो की नाही, तिथंच अडकते.

ताईंनी कप माझ्या हातात दिला. "अडकू द्या," त्या म्हणाल्या. "शेवट मले माहीत आहे."

आणि त्या तिथंच ओट्यावर, भाऊजींच्या शेजारी बसल्या.