शेवटून पहिल्यांशी सामना

कागद कारखान्याच्या फुटबॉल संघाला मास्तर शिकवायचे. मास्तर आपले नावाचे. दिवसभर कागद कापायच्या मशीनवर उभे, आणि पाच वाजले की गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर. तरुणपणी ते गोलकीपर होते. पाठीमागच्या जाळ्यात चेंडू जाईल, ही एकच धास्ती त्यांनी जन्मभर जपली आणि बावीस वर्षं पोरांच्या अंगी मुरवली. चेंडू गेला की मागे, गोल केला की मागे. समोरचे अंगावर चालून आले, की त्यांच्या मोकळ्या पाठीमागे चेंडू भिरकावायचा आणि लांब्याने पळत सुटायचं. लांब्या म्हणजे कप्तान, बॉयलरवरचा ताडमाड गडी.

एवढ्यावर त्यांनी भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणले. या मोसमात तर पहिल्या दोन नंबरांना लोळवलं! आणि हरले कुणाशी? टपालवाल्यांशी, ज्यांचा बचावपटू चष्मा सावरत खेळतो! मग नळदुरुस्तीवाल्यांशी. आता बोला! दुबळे संघ चालून यायचेच नाहीत. ते त्यांच्या गोलपुढे ठाण मांडून बसायचे, हे आपल्या. अधेमधे चेंडू पोरका. लोक पोट धरून हसायचे, इकडे मास्तरांना घास गिळवत नव्हता.

अशात साहेबांनी बोलावून सांगितलं, "मास्तर, खालच्या गटात घसरलात तर संघ बंद. मैदानावर गोदाम बांधायचंय."

मास्तर मान हलवून बाहेर आले आणि जिन्यातच बसले. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पाचनंतर जायचं कुठे? त्या दोन खोल्यांत?

शेवटचा सामना बेकरीवाल्यांशी होता. ते तळाला, आधीच बुडालेले. जिंकलं तरच कारखान्याचा संघ वाचणार होता. आठवडाभर मास्तर "पुढे जा रे, पुढे!" ओरडून घसा बसवून घेत होते. पोरं जायची, आणि अर्ध्या वाटेत थांबून मास्तरांकडे बघायची.

बेकरीवाले दहाच आले. पहाटेपासून भट्टीपुढे उभे, त्यातले दोघे जांभया देत होते. तरी सत्तर मिनिटं काही होईना. मग कॉर्नरवरून आलेला चेंडू लांब्याच्या डोक्याला लागून आत गेला. मास्तर चक्क नाचले हो!

खेळ पुन्हा सुरू झाला. बेकरीवाल्यांचा एक गोलमटोल गडी चेंडू घेऊन मधली रेघ ओलांडून तीन पावलं आला. तीनच! लांब्या त्याच्या अंगावर धावतच होता. पण मास्तरांच्या तोंडातून गेलंच, "मागे या! सगळे मागे!"

लांब्या जागच्या जागी वळला. अकराच्या अकरा गोलपुढे गोळा झाले. मोसमभर कुणी बेकरीवाल्यांना इतकी वाट करून दिली नव्हती. त्या गड्याने लांबूनच लाथ हाणली. आपल्याच माणसांच्या गर्दीत कीपरला चेंडू दिसला नाही, तो कुणाच्या तरी गुडघ्याला लागून जाळ्यात गेला. एकास एक. नंतर पोरांनी जिवाचं रान केलं, पण काही जमलं नाही. शिट्टी झाली.

लांब्या समोर येऊन उभा राहिला. "मास्तर, तो चेंडू मी काढून घेतला असता."

"मग घ्यायचास ना! माझं कशाला ऐकलंस?"

"तुमचं ऐकायचं नाही, असं तुम्ही कधी शिकवलंत?" लांब्या रागाने बोलला नाही, तेच मास्तरांना सोसलं नाही.

पोरं भोवती ताटकळत राहिली. रडू दिसू नये म्हणून मास्तरांनी तोंड फिरवलं आणि म्हणाले, "जा, घरी जा सगळे."

एक तरी थांबेल, खांद्यावर हात ठेवेल, असं त्यांना फार वाटत होतं. पोरांनी पिशव्या उचलल्या आणि सांगितल्याप्रमाणे सगळी निघून गेली.