तीन भाषांतली एक खिडकी

निर्मळ गावातल्या आमच्या ओळखीच्या काकांना काहीही विचारा, ते आधी केळीच्या वाडीत पाणी सोडून येतात. मला याचा राग यायचा. आयुष्यभर सी प्लस प्लस या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम केलेला माणूस, लगेच सांगायला काय होतं?

दवाखान्यात रुग्णांचे नंबर दाखवणाऱ्या आमच्या प्रोग्रामच्या आत वेबपानं दाखवणारं ब्राउझरचं इंजिन बसवायचं होतं. कुठल्या भाषेत लिहू, एवढंच मी विचारलं. ते पाणी सोडून आले.

"तू नसशील तेव्हा हे कोण उघडणार?"

"आमची प्राची. नवीनच लागलीय."

"रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर तिला घेऊन ये."

रविवारी काकांच्या कॉम्प्युटरवर वेबपान दाखवणारी एकच छोटी खिडकी तीन भाषांत लिहून तयार होती. प्रत्येकीत त्यांनी मुद्दाम एक चूक ठेवली होती, बटण दाबलं की पान पांढरं पडायचं. सी प्लस प्लसमध्ये प्राची तासभर अडकली. रस्टमध्ये ओळीओळीला चूक दाखवून अडवणाऱ्या कंपायलरशी भांडत बसली. पायथनमधली चूक तिने चहा निवायच्या आत काढली.

"पायथन घे," ते म्हणाले.

"पण काका," मी विचारलं, "सी प्लस प्लस घेतलं तर अडल्यावर तुम्हाला विचारता येईल."

"म्हणूनच नको," म्हणाले, आणि पाणी बंद करायला वाडीत गेले.